पर्शियन मांजरांची कलर डीएनए टेस्ट किट – रिव्ह्यू (४/५)

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. एक स्टार कापलाय तो दोन गोष्टींसाठी, रिपोर्टची भाषा आणि सिल्व्हरचा म्हणजे चंदेरी छटेचा जीन टेस्टमध्ये नसणं, दोन्हीबद्दल खाली सविस्तर लिहिलंय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये. एकतर मला कोणाची जाहिरात करायची नाही, दुसरं म्हणजे रंगाची टेस्ट करणाऱ्या बहुतेक लॅब साधारण त्याच जीन्स बघतात, अगुटी, ब्राऊन, डायल्यूट, कलरपॉइंट, पांढरा वगैरे, त्यामुळे मी जे लिहितेय ते तुम्ही कुठलंही किट घेतलंत तरी कामाला येईल.

घरी दोन पर्शियन आहेत. काजळ, भाटी, काळी. आणि केशर, बोका, तांबूस. काजळच्या कागदांवर ब्लॅक सॉलिड, म्हणजे एकरंगी काळी, लिहून आलं होतं आणि केशरच्या कागदांवर रेड सॉलिड. आता काजळ पळायला लागली की तिच्या केसांच्या आत पांढरं चमकतं आणि केशरच्या कपाळावर स्पष्ट एम दिसतो, शेपटीला कडी दिसतात, मग सॉलिड कुठून आलं हा प्रश्न घरात कायम चालायचा, आणि पिल्लं हवीत म्हणून विचारणारेही सारखे विचारायचे की या जोडीला कुठल्या रंगाची होतील. म्हणून किट मागवलं. (पिल्लं घ्यायची की नाही हा वेगळा विषय, त्याचं उत्तर खाली पीकेडी या किडनीच्या आजाराच्या भागात आहे आणि ते रंगापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.)

सॅम्पल घेणं सोपं आहे. किटमध्ये छोटे ब्रशसारखे स्वॅब येतात, गाल आणि हिरडीच्या मध्ये घालून थोडा वेळ फिरवायचे, मग मोकळ्या हवेत सुकवायचे आणि कागदी पाकिटात घालायचे. ओले असताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशी धरते आणि सॅम्पल वाया जातं. खाणं झाल्यावर लगेच घेऊ नका, अर्धा तास तरी जाऊ द्या. आणि पिल्लू आईचं दूध पीत असेल तर त्याला आधी काही वेळ आईपासून वेगळं ठेवून मगच स्वॅब घ्या, नाहीतर आईच्या पेशी मिसळून रिपोर्ट भलताच येऊ शकतो. दोन मांजरं असतील तर एकाचं पूर्ण आटपून, हात धुऊन, मग दुसऱ्याचं. केशर शांत असतो, त्याला काही वाटलं नाही, काजळला टॉवेलात गुंडाळावं लागलं पण पर्शियनचा चेहरा चपटा आणि तोंड लहान असल्यामुळे जबरदस्तीने तोंड उघडायला जाऊ नका, ओठाच्या कोपऱ्यातून हळूच आत घातलं की जमतं. काजळच्या पहिल्या स्वॅबमध्ये डीएनए पुरेसं आलं नाही असा मेल आला, कंपनीने न कुरकुरता दुसरं किट पाठवलं, जादा काही घेतलं नाही, त्याबद्दल पूर्ण मार्क.

रिपोर्ट पीडीएफमध्ये येतो आणि इथेच सामान्य माणूस अडकतो. एका रकान्यात जीनचं नाव, पुढे दोन अक्षरं, कॅपिटल किंवा स्मॉल, आणि खाली एक ओळ. बस. दोन अक्षरं का, तर एक आईकडून आलेलं आणि एक बापाकडून. कॅपिटल म्हणजे वरचढ, ते एक असलं तरी दिसतं, स्मॉल म्हणजे दबलेलं, ते दोन्हीकडून आलं तरच दिसतं. हे एवढं दोन वाक्यांत रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहायला काय हरकत होती, पण नाही लिहिलेलं.

आता केशरचं. त्याच्या रिपोर्टमध्ये अगुटीच्या पुढे स्मॉल ए स्मॉल ए आलं, खाली लिहिलं होतं नॉन-अगुटी, म्हणजे पट्टे नसलेलं, एकरंगी. आणि समोर बोका बसलाय कपाळावर एम घेऊन! असं बघितलं की कोणालाही वाटेल सॅम्पलची अदलाबदल झाली, आणि मला खात्री आहे की एक स्टार देऊन जाणारे बरेच जण याच ठिकाणी चिडलेले असतात. पण रिपोर्ट बरोबर आहे. मांजराच्या केसांत रंग दोनच प्रकारचे, युमेलॅनिन म्हणजे काळा आणि त्याचे भाऊबंद, आणि फिओमेलॅनिन म्हणजे तांबडा-पिवळा. अगुटी जीन चालू असला की एकाच केसावर आळीपाळीने फिकट आणि गडद पट्टे पडतात, त्यातून अंगावरचा टॅबी, म्हणजे पट्ट्यांची नक्षी, उठून दिसतो. स्मॉल ए दोन्हीकडून आलं की हे आळीपाळीचं काम बंद, केस मुळापासून टोकापर्यंत काळा. पण हा नियम चालतो काळ्या रंगावर. तांबड्या मांजरात काळा रंग बनतच नाही, त्यामुळे नॉन-अगुटी असूनही पट्टे झाकले जात नाहीत. म्हणून प्रत्येक तांबडं मांजर थोडंफार टॅबी दिसतंच. शोमधली जी एकसारखी रेड सॉलिड पर्शियन दिसतात ती पिढ्यान् पिढ्या कमी पट्टेवाली निवडून, आणि लांब केसांमुळे पट्टे पुसट होऊन तशी झालेली असतात. तर केशर जीनने खरंच सॉलिड आहे आणि डोळ्यांना टॅबी आहे आणि दोन्ही खरं आहे. कागदावर लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. हे रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहिलं असतं की तांबड्या मांजरात अगुटीचा निकाल डोळ्यांना दिसत नाही, तर मी पाचवा स्टार जवळजवळ दिलाच असता.

तांबडा रंग स्वतः या पॅनलमध्ये, म्हणजे किट तपासतं त्या जीन्सच्या यादीत, नव्हता. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. तांबडा रंग एक्स क्रोमोसोमवर आहे हे शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत होतं, पण नेमका बदल कुठे आहे हे २०२५ मध्ये छापून आलं, स्टॅनफर्ड आणि जपानच्या क्युशू युनिव्हर्सिटीच्या दोन वेगवेगळ्या टीमनी तो एकाच वेळी शोधला. एआरएचजीएपी३६ नावाच्या जीनजवळ डीएनएचा सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा गायब झालेला असतो आणि त्यामुळे तो जीन नको त्या पेशींत चालू होतो. तुम्ही आता किट घेणार असाल तर तांबड्याची म्हणजे ऑरेंजची टेस्ट पॅनलमध्ये आलीय का ते विचारून घ्या. तसं बोक्यासाठी त्याची गरजही नाही, बोक्याला एक्स एकच, तो तांबडा असेल तर तांबडा, नसेल तर नाही. भाटीला दोन एक्स, एक तांबडा आणि एक काळा आला की टॉर्टी, म्हणजे काळ्या-तांबड्या डागांची. शरीरातल्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भात असतानाच बंद होतो, हे मेरी लायन या शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ मध्ये मांडलं, ज्या जागी काळावाला बंद झाला तिथे तांबडा डाग, जिथे तांबडावाला बंद झाला तिथे काळा. म्हणून दोन टॉर्टी कधीच सारख्या नसतात. त्यात पांढरा मिसळला की आपली तिरंगी. तिरंगी बोका जवळजवळ दिसत नाही, दिसलाच तर त्याला बहुतेक वेळा एक एक्स जास्तीचा असतो आणि त्याला पिल्लं होत नाहीत, त्यामुळे असा बोका ब्रीडिंगसाठी म्हणून कोणी विकत असेल तर लांब राहा.

काजळकडे येते, कारण हा रिव्ह्यू खरं म्हणजे तिच्यासाठी लिहायला घेतला.

तिचा अगुटी स्मॉल ए स्मॉल ए, म्हणजे काळी सॉलिड म्हणायला हवी. पण तिचे केस फुंकर मारून बाजूला केले की मुळाशी पांढरेशुभ्र, वर काळे. याला स्मोक म्हणतात आणि हे काम करतो सिल्व्हरचा जीन, इनहिबिटर. तो केसाच्या बुडातला रंग काढून घेतो. अगुटी मांजरावर तो आला की सिल्व्हर टॅबी, नॉन-अगुटीवर आला की स्मोक. आणि अगुटीवर सिल्व्हर असून केसाचा फिकट भाग खूप रुंद झाला, रंग फक्त टोकाला उरला, की शेडेड आणि चिंचिला. ढोबळ हिशोब असा की चिंचिलामध्ये केसाचं फक्त टोक, आठवा भाग म्हणा, रंगीत असतं, शेडेडमध्ये साधारण तिसरा हिस्सा, आणि स्मोकमध्ये अर्धा किंवा त्याहून जास्त. पर्शियनमध्ये हे बघायला जितकं सुंदर तितकं दुसऱ्या कुठल्या जातीत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण केसाची लांबीच एवढी की प्रत्येक केसावर हा पांढरा ते काळा प्रवास पूर्ण बघायला मिळतो. काजळ एका जागी बसली की कोळशासारखी काळी, आणि उठून चालायला लागली की प्रत्येक पावलाला आतून चांदी हलते.

आणि नेमकं हेच किटमध्ये नाही! सिल्व्हर माझ्या पॅनलमध्ये नव्हताच. सोनेरी पर्शियनसाठी लागणारा रुंद पट्ट्याचा जीनही नव्हता. सायबेरियन मांजरात सोनेरी छटेसाठी कोरिन नावाचा जीन सापडलाय, पण तो सायबेरियनचा बदल आहे, त्यावरून पर्शियन गोल्डनचा निकाल लावता येत नाही. कंपनीच्या जाहिरातीत मात्र मांजराचा पूर्ण रंग समजेल असं लिहिलेलं होतं, ते पटलं नाही. पर्शियनच्या शोमध्ये सीएफए ही अमेरिकन संस्था रंगांचे सात गट करते, त्यात एक पूर्ण गट सिल्व्हर आणि गोल्डनचा आणि एक शेडेड आणि स्मोकचा. सातातल्या दोन गटांचं नावच ज्या जीनवर उभं आहे तो जीन न बघता पूर्ण रंग कसा समजेल?

तर स्मोक ओळखायचं डोळ्यांनीच, किट नाही सांगणार. कसं ओळखायचं ते लिहिते. मानेजवळचे किंवा पाठीचे केस दोन बोटांनी भांग पाडल्यासारखे बाजूला करा, दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ. बुडाशी पांढरा आणि वर रंग, त्यात सीमा बऱ्यापैकी स्पष्ट, तर स्मोक. मुळाशी फक्त जरा फिकट राखाडी असेल तर तो सॉलिड मांजराचा फिकट अंडरकोट असू शकतो, त्याला स्मोक म्हणू नका. पिल्लू लहान असताना तर निकाल देऊच नका. स्मोक पिल्लं जन्मतात तेव्हा बरीचशी सॉलिड काळीच दिसतात, पांढरं नंतर काही आठवड्यांनी मुळाशी दिसायला लागतं, काजळच्या कागदांवर सॉलिड लिहिलं गेलं ते यामुळेच असणार. याच्या बरोबर उलट एक प्रकार असतो, आईला गरोदरपणात ताप आला किंवा मोठा ताण पडला तर पिल्लं राखाडी चंदेरी जन्मतात, त्याला फीव्हर कोट म्हणतात, आणि काही महिन्यांत ती चांदी उडून खाली साधा काळा किंवा जो असेल तो रंग येतो. आणि चिंचिला पिल्लं जन्मतात तेव्हा अंगावर टॅबीचे गडद पट्टे असतात जे पुढे विरून जातात. म्हणजे तीनही वेळा पिल्लाचा रंग आणि मोठ्याचा रंग वेगळा. फोटो बघून पिल्लू बुक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चिंचिला आणि शेडेड सिल्व्हर ओळखायची अजून एक खूण म्हणजे डोळे हिरवे असतात, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी रेघ, आणि विटकरी नाकालाही काळी कड. स्मोक आणि सॉलिडचे डोळे तांब्याच्या रंगाचे असतात.

एवढं सगळं डोळ्यांनीच बघायचं तर किट कशाला, असं कोणी विचारेल. किट कामाचं आहे ते न दिसणाऱ्या रंगांसाठी, आणि तिथे त्याने खरंच डोळे उघडले. काजळच्या रिपोर्टमध्ये डायल्यूट कॅपिटल डी स्मॉल डी, ब्राऊन कॅपिटल बी स्मॉल बी, कलरपॉइंटमध्ये एक नॉर्मल आणि एक सयामी प्रत. म्हणजे ही काळी मांजरी आतमध्ये करडा, चॉकलेट आणि सयामीसारखा पॉइंट असे तीन रंग लपवून बसली आहे आणि वरून बघून कोणाच्या बापाला कळणार नाही. केशरमध्ये डायल्यूट लपलेलं आहे आणि पॉइंटही.

डायल्यूट म्हणजे काय ते थोडक्यात. एमएलपीएच नावाच्या जीनमधलं एक अक्षर गळालेलं असतं, २००६ मध्ये हे सापडलं, त्यामुळे रंगाचे कण केसात नीट पसरत नाहीत, गुठळ्या होऊन बसतात आणि रंग फिका दिसतो. काळ्याचा ब्लू, म्हणजे तो मऊ राखाडी, तांबड्याचा क्रीम, चॉकलेटचा लायलॅक. दोन्ही आईबापांत लपलेलं असेल तर प्रत्येक पिल्लाला ते दिसण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक पिल्लाला वेगवेगळी, हे ठळक सांगते, कारण लोकांना वाटतं चार पिल्लं झाली म्हणजे एक करडं होणारच. तसं नाही, चारही काळी होतील किंवा दोन करडी होतील.

पॉइंटचंही तसंच, काजळ आणि केशर दोघांत एक-एक प्रत, म्हणजे काळ्या आणि तांबड्या आईबापांना जन्मतः पांढरं दिसणारं पिल्लू होऊ शकतं, ज्याचे कान, तोंड, पाय आणि शेपूट हळूहळू गडद होत जाईल आणि डोळे निळे राहतील. अशा पर्शियनला हिमालयन म्हणतात. १९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये क्लाइड कीलर आणि व्हर्जिनिया कॉब यांनी सयामी आणि पर्शियनचा संकर करून हे अनुवंशशास्त्र तपासलं होतं, सीएफएने १९५७ मध्ये हिमालयनला वेगळी जात म्हणून मान्यता दिली आणि १९८४ मध्ये परत पर्शियनमध्येच एक गट म्हणून घेतलं. काजळमधली पॉइंटची प्रत आणि चॉकलेट दोन्ही बहुधा त्याच रस्त्याने आलेत, कारण चॉकलेट पर्शियनमध्ये मुळात सयामीशी केलेल्या संकरातूनच आलं. पॉइंटमध्ये जो एन्झाइम रंग बनवतो, टायरोसिनेज, तो थंड असला तरच नीट काम करतो, शरीराच्या गरम भागात तो बंद पडतो. म्हणून कान-शेपूट गडद आणि पोट फिकट. ज्यांच्याकडे हिमालयन आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, सोनोग्राफीसाठी पोटावरचे केस काढले किंवा गुंता झाला म्हणून पाठ भादरली तर तिथे नवे केस गडद येतात, कारण उघडी कातडी थंड पडते. घाबरून डॉक्टरांकडे पळू नका, पुढच्या वेळी केस झडून नवीन आले की बहुतेक परत फिकट होतं. वय वाढतं तसं अंग एकूणच गडद होत जातं, ते मात्र नॉर्मल आहे.

किटचा सगळ्यात पैसावसूल उपयोग माझ्या मते दावे तपासायला. चॉकलेट आणि लायलॅक पर्शियन दुर्मिळ म्हणून सांगितली जातात आणि दुर्मिळ म्हटलं की मागणी वाढते. लायलॅक असायला रिपोर्टमध्ये ब्राऊनच्या दोन्ही प्रती स्मॉल बी आणि डायल्यूटच्या दोन्ही प्रती स्मॉल डी पाहिजेत, चारही. यातली एक जरी कॅपिटल असली तरी ते लायलॅक नाही, मग फोटोत कितीही जांभळट दिसू दे. फोटोत काय, संध्याकाळच्या उजेडात साधं ब्लू मांजरसुद्धा गुलाबी छटेचं दिसतं. (पंजाच्या गाद्या बघा, ब्लूच्या निळसर राखाडी असतात, लायलॅकच्या गुलाबीसर.) तसंच शेडेड किंवा चिंचिला म्हणून घेतलेल्या मांजराचा अगुटी स्मॉल ए स्मॉल ए आला तर तो दावा टिकत नाही, चिंचिलाला अगुटीची एक तरी कॅपिटल प्रत हवीच, ते मांजर फार तर फिकट स्मोक असेल. म्हणजे बघा, सिल्व्हर पॅनलमध्ये नसूनही अगुटीवरून उलट्या बाजूने एवढं तरी पकडता येतं. आणि कागदांवर युरोपातल्या फिफे संघटनेचे कोड असतील तर रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा. पीईआर म्हणजे पर्शियन, पुढे एन म्हणजे काळा, ए म्हणजे ब्लू, बी चॉकलेट, सी लायलॅक, डी तांबडा, ई क्रीम, मग एस असेल तर सिल्व्हर, वाय असेल तर गोल्डन, पुढे ११ शेडेड, १२ शेल म्हणजेच चिंचिला, २२ ब्लॉच्ड टॅबी, ३३ पॉइंट. काजळचा कोड पीईआर एनएस असायला हवा आणि कागदावर नुसता एन आहे. ही अक्षरं आणि रिपोर्टमधली जीनची अक्षरं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, कोडमधला डी तांबडा आणि रिपोर्टमधला डी डायल्यूट, घोळ करू नका.

पट्ट्यांच्या नक्षीबद्दल किट काही विशेष सांगत नाही आणि खरं सांगायचं तर पर्शियनमध्ये नक्षी ओळखायला त्रासच होतो. सरळ उभे पट्टे म्हणजे मॅकरेल आणि अंगावर मोठे गोल वळसे म्हणजे क्लासिक किंवा ब्लॉच्ड, हा फरक टॅकपेप नावाच्या जीनमुळे पडतो, २०१२ मध्ये हे समजलं आणि त्याच वेळी हेही समजलं की किंग चित्त्याच्या पाठीवरचे जाड पट्टे याच जीनमधल्या बिघाडाने येतात, मला ही गोष्ट भयंकर आवडते. काही किटमध्ये टॅकपेप असतो, माझ्यात नव्हता. लांब केसांत पट्ट्याची कड विरघळते, एका जागी सुरू झालेला गडद केस दुसऱ्या जागी जाऊन संपतो, म्हणून नक्षी बघायची ती जिथे केस आखूड आहेत तिथे, कपाळ, गाल, पायांचा पुढचा भाग. उन्हाळ्यात भादरलेला पर्शियन बघा, नक्षी छापल्यासारखी स्पष्ट दिसते. केशर भादरला होता तेव्हा त्याच्या कुशीवर मोठा गोल वळसा निघाला, म्हणजे ब्लॉच्ड, हे कुठल्याही रिपोर्टशिवाय कळलं.

पांढऱ्या पर्शियनवाल्यांसाठी थोडं वेगळं. पूर्ण पांढरा हा रंग नसून झाकण आहे, ते किट नावाच्या जीनमुळे पडतं आणि बाकी सगळे रंग खाली शाबूत असतात (किट हे त्या जीनचंच नाव, टेस्टच्या किटशी संबंध नाही). त्यामुळे पांढऱ्या मांजराची टेस्ट केली तर खाली कुठला रंग दडलाय ते बऱ्यापैकी कळतं आणि ही मजा बाकी कशातच नाही. पांढऱ्या पिल्लाच्या डोक्यावर कधीकधी लहानपणी एक रंगीत ठिपका असतो, तोही खालच्या रंगाची खूण, मोठेपणी जातो. पण पांढऱ्यात बहिरेपणाचा धोका असतो, डोळे निळे असतील तर जास्त, आणि पांढऱ्याला पांढरा जोडीदार शोधणाऱ्यांनी आधी ऐकण्याची तपासणी करून घ्यावी.

काळ्या मांजरवाल्यांची नेहमीची तक्रार, केसांना तांबूस झाक आली, मग टेस्ट करू का. नका करू. काळे केस उन्हाने तांबूस होतात, आणि खाण्यात टायरोसिन आणि फिनाइलअलॅनिन ही अमिनो आम्लं कमी पडली तरी होतात, काळ्या मांजरांवर हे प्रयोग करून बघितलेलं आहे. यासाठी डीएनए किट नाही, खाण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

आता पीकेडी. माझ्या किटमध्ये रंगाबरोबर हीसुद्धा टेस्ट होती आणि नसती तर मी हे किट घ्या असं म्हटलंच नसतं. पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, वाढत जातात, आणि मध्यम वयात किडनी निकामी व्हायला लागते. पर्शियनमध्ये हा आजार जगभर प्रचंड, जुन्या पाहण्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पर्शियनमध्ये सापडलेला. यात एकच प्रत पुरते, आईबापांपैकी एकाला असेल तर निम्म्या पिल्लांना होण्याची शक्यता. पीकेडी१ जीनमधला बदल २००४ मध्ये सापडला आणि तेव्हापासून गालाच्या स्वॅबवर कळतं. काजळ निगेटिव्ह आली. केशर पॉझिटिव्ह. त्यामुळे या जोडीची पिल्लं होणार नाहीत, कितीही सुंदर रंग लपलेले असले तरी नाही, आणि जे विचारत होते त्यांना मी हेच सांगितलं. केशरची सोनोग्राफी केली, छोट्या गाठी आहेत, रक्ताचे रिपोर्ट अजून चांगले आहेत, पाणी जास्त पोटात जाईल असं ओलं खाणं सुरू केलंय, ठरावीक काळाने तपासणी चालू राहील. पर्शियन विकत घेताय आणि समोरचा रंगाचे रिपोर्ट दाखवतोय पण आईबापांच्या पीकेडीचा नाही, तर आधी तो मागा.

सर्व्हिसबद्दल उरलेलं. रिपोर्ट सांगितलेल्या मुदतीत आला. केशरच्या अगुटीबद्दल मी मेल केला तेव्हा उत्तर उशिरा आलं पण आलं ते जाणकार माणसाचं आलं, नीट समजावून सांगितलेलं, तेच स्पष्टीकरण सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये का टाकत नाही कळत नाही. फॉर्म भरताना मांजराचा आत्ता दिसणारा रंग लिहायचा रकाना आहे, तो रिकामा सोडू नका, फोटोही जोडा, काही गडबड असेल तर लॅबला तिथून लक्षात येतं. आणि मायक्रोचिप नंबर टाकायचा रकाना पर्यायी म्हणून दिलाय, तो नक्की भरा, कारण नंबर नसलेला रिपोर्ट कुठल्याही काळ्या मांजराचा म्हणून दाखवता येतो. तुम्हाला कोणी रिपोर्ट दाखवला तर त्यावरचा नंबर आणि मांजराच्या मानेतला चिप नंबर डॉक्टरांच्या स्कॅनरवर जुळवून बघा, मगच पुढचं बोला.